सेव्ह झालं, पण कुठं?

एप्रिल-मे म्हणजे आदिलाबादकडे लग्नसराईचे आणि वळवाचे दिवस. दुपारी पारा चाळिशीपार, संध्याकाळी वावटळ, आणि वावटळ सुटली की लाइन गेलीच म्हणून समजा. बेला-जैनथच्या बाजूला काय किंवा पैनगंगेपलीकडे यवतमाळात काय, फोटो स्टुडिओवाल्यांची खरी धावपळ याच दिवसांत. एकेका लग्नाचं चित्रीकरण शेकडो जीबी भरतं. ते ठेवायला आता ‘नॅस’ घेतात: दोन-चार हार्डडिस्क बसवलेली, राउटरला जोडलेली छोटी पेटी. दुकानातले सगळे संगणक तिच्यावर एकाच वेळी काम करतात.

या पेटीच्या वेगात एक मेख आहे. फाइल आली की ती आधी रॅममध्ये घेते, ‘लिहिलं’ असं संगणकाला कळवून मोकळी होते आणि डिस्कवर सवडीनं उतरवते. असं का? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक बारीक नोंद डिस्कवर पोचल्याची खात्री करत बसलं, तर सेकंदाला शंभर-सव्वाशे नोंदींवर गाडी अडते. रॅमला ही अडचण नाही; मात्र वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. पुष्कळ पेट्यांतली झेडएफएस ही फाइल-व्यवस्था साधारण ५ सेकंदांचा माल साठवून एकदम डिस्कवर टाकते. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० एमबी येत असतील, तर पाचेकशे एमबी सतत अधांतरी असतात.

उलट पद्धतही आहे: आधी लिही, मग उत्तर दे. लिनक्सच्या एनएफएस या फाइल-सर्व्हरनं १.०.० नंतरच्या आवृत्त्यांत तीच मूळची ठरवली, वेगावर पाणी सोडून. झेडएफएस मधला मार्ग काढते. अडत्या व्यवहार झाल्याबरोबर रोजकीर्दीत टिपतो आणि खतावणी नंतर करतो, तशी ही व्यवस्था खात्री मागितलेली नोंद आधी एका छोट्या टिपणवहीत लिहिते आणि मगच उत्तर देते. वीज परतल्यावर टिपणवही वाचून राहिलेलं काम पुरं होतं.

ही टिपणवही वेगळ्या एसएसडीवर ठेवली की काम झपाट्यानं होतं. पण एसएसडीलाही स्वतःची रॅम असते. वीज गेल्यावर तेवढं लिहून काढण्यापुरता करंट धरून ठेवणारे कपॅसिटर सर्व्हरच्या एसएसडीत असतात. घरगुती एसएसडीत सहसा नसतात. त्यामुळे स्वस्तातली एसएसडी या कामी एक तर संथ पडते, नाहीतर खोटं उत्तर देते.

मग वेग घ्यावा की खात्री? अख्ख्या पेटीला एकच नियम लावायची गरज नाही. झेडएफएसमध्ये हे प्रत्येक विभागासाठी वेगळं ठरवता येतं. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: हे आत्ता गेलं, तर दुसरीकडे आहे का? कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो उतरवताना मूळ प्रत कार्डात असते. तिथं खुशाल वेग घ्यावा, मात्र फाइल उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. कापसाच्या हंगामातला अडतीचा हिशेब किंवा रात्रभर बसून केलेलं एडिटिंग यांना दुसरी प्रत नसते. तिथं संथपणा सोसावा.

यूपीएस हवाच, पण त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली हवी. बॅटरी उतरत आल्याचं पेटीला कळलं, तरच ती रॅममधलं लिहून स्वतः नीट बंद होते. केबल नसेल तर पेटीचं बंद पडणं नुसतं दहा-पंधरा मिनिटांनी लांबतं. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवावं. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षणसुद्धा पेटी रीस्टार्ट करायला पुरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर बसतात, तेव्हा दरवर्षी त्या तपासाव्यात. आणि पेटीचा स्वतःचा वीजपुरवठा जळाला, तर यूपीएस काहीच करू शकत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी यूपीएस आणि केबल, मग दुसऱ्या जागी बॅकअप, आणि गरज पडली तरच कपॅसिटरवाली एसएसडी. सगळं बसवून झालं की भिंतीवरचं यूपीएसचं बटण एकदा मुद्दाम बंद करून पाहावं. फक्त लग्नाचा मुहूर्त नसलेला दिवस निवडावा.