वाहतं रक्त थांबवायला जखमेवर काय ठेवाल?

विळीवर भोपळा चिरताना हात निसटला की घरात पहिली धावाधाव होते ती कापसासाठी. नेमका तोच जखमेवर थेट ठेवायचा नसतो. कापूस रक्त शोषतो खरा, पण त्याचे तंतू जखमेत चिकटतात. काढताना धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू. वापरायचाच तर गॉजच्या घडीवर, वरून.

जखमेला लागून हवा तो निर्जंतुक गॉज. औषधाच्या दुकानात छोट्या पाकिटात मिळतो. त्याची जाडसर घडी ठेवा आणि तळव्याने घट्ट दाबा. पूर्ण 10 मिनिटं, घड्याळ लावून. ‘थांबलं का’ म्हणून मधेच उचलून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि तिथेच घोटाळा होतो. रक्त झिरपलं तर त्यावरच आणखी एक घडी ठेवून जोर वाढवा.

गॉज नसेल तर धुतलेला सुती रुमाल किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या. जॉर्जेटची ओढणी शोषत नाही, ती फक्त वरून बांधायला ठीक. सॅनिटरी पॅडचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. पॅड स्वच्छ असतं, पण ते रक्त आत ओढून घेतं, दाब देत नाही. शिवाय किती रक्त गेलं हेही कळत नाही. दुसरं काहीच नसेल तेव्हा वापरा, वरचा हात मात्र काढू नका.

बांधायला क्रेप बँडेजसारखं दुसरं नाही. साधी पट्टी ताणत नाही, हालचालीने सैल पडते. क्रेप सांध्यावरही नीट वळतं. मुरगळलेल्या पायासाठी आणलेलं बहुतेक घरांत असतंच! फार आवळू मात्र नका. बांधल्यावर नख दाबून सोडा, 2 सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं गार पडली, मुंग्या आल्या तर सैल करा. सुतळी, रबर बँड नकोच, ते कातडीत रुततात. हळद, कॉफी पावडरही नको. डॉक्टरांना आधी तीच धुवावी लागते.

काच रुतली असेल तर उपसू नका, दोन्ही बाजूंनी दाबा. रक्त उसळत असेल, 10 मिनिटांनीही थांबत नसेल किंवा जखमी माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर दाब न सोडता दुसऱ्या कुणाला तरी 108 किंवा 112 लावायला सांगा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे डॉक्टर विचारतीलच. तेवढं आठवून ठेवा.