कुणाच्या पैशाने, कुणाच्या कामासाठी?
महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची पहिली विलायतयात्रा आणि बडोदे

फत्तेगंजातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाशी आमचा फार जुना घरोबा आहे. मध्यंतरी त्या घरची नात आपल्या चर्चमधील तरुणांबरोबर सेवाकार्यासाठी प्रथमच परदेशी निघाली. आम्ही निरोप द्यायला गेलो, तेव्हा घरात अशा प्रसंगी असते तशी लगबग होती. कुणी बॅग उचलून वजनाचा अंदाज घेत होते, कुणी लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळत होते. आजी मात्र खुर्चीवर स्वस्थ बसून होत्या. नात पाया पडली तेव्हा त्यांनी तिला जवळ घेऊन एवढेच विचारले, "बाळ, कुणाच्या पैशाने जातेस? आणि परत आलीस की कुणाची असशील?"

पोरगी हसली. बाकीचेही हसले. परंतु घरी परतताना तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. धर्माच्या नावाने, दुसऱ्याच्या खर्चाने, समुद्रापलीकडे जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा भेटतोच. सव्वाशे वर्षांपूर्वी तो अशाच एका मराठी तरुणापुढे उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्या बडोद्याच्या राजवाड्यापर्यंत येऊन पोचला होता. त्या तरुणाचे नाव विठ्ठल रामजी शिंदे.

शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. हे गाव आज कर्नाटकात मोडते. घर मराठा, वारकरी वळणाचे. वडील रामजीबाबा पंढरीचे वारकरी. मुलाचे नावच विठ्ठल, तेव्हा घरातील भक्तीची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. परिस्थिती मात्र ओढगस्तीची होती. शिकण्याची हौस दांडगी आणि पदरी पैसा नाही, अशा अवस्थेत हा तरुण पुण्याच्या फर्गसन कॉलेजात दाखल झाला. मराठा विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी गंगारामभाऊ म्हस्के यांनी उभारलेल्या संस्थेचा त्याला आधार मिळाला, आणि पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्तीही मिळाली. शिष्यवृत्तीला अट होती : शिक्षण संपताच बडोदे संस्थानात नोकरी करावयाची.

त्या काळी ही अट कुणाला जाचक वाटण्याचा प्रश्नच नव्हता. उलट गरीब घरच्या मुलाला बडोद्याची नोकरी म्हणजे सात पिढ्यांचे दैन्य फिटण्याची संधी! १८९८ साली शिंदे बी. ए. झाले आणि कायद्याच्या अभ्यासाला लागले. पुढचा रस्ता आखलेला होता : वकिली किंवा संस्थानात अधिकारपद, आईवडिलांना स्वास्थ्य, बहिणीच्या शिक्षणाची सोय, पत्नी रुक्मिणीबाईंना सुखाचा संसार.

परंतु त्याच वर्षी शिंदे प्रार्थना समाजाचे सभासद झाले. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या या समाजात न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे ज्येष्ठ होते. एकच निराकार ईश्वर, मूर्ती नाही, जातिभेद नाही आणि संतांच्या वाणीचा मोठा आधार, असे त्याचे स्वरूप. वारकरी घरातून आलेल्या विठ्ठलाला तेथे आपल्या ओळखीचा सूर सापडला असल्यास नवल नाही. वकिलीतून मन उडाले. आयुष्य धर्मकार्याला द्यावयाचे, हा विचार पक्का होत गेला.

इथे वाचकांस एक गोष्ट सांगावयास हवी. इंग्लंडात युनिटेरियन नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रयी तो मानीत नाही. ईश्वर एकच आहे, असे त्याचे सांगणे. त्यामुळे ब्राह्म समाज आणि प्रार्थना समाज यांच्याशी त्याचे जुने नाते. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टल येथे वारले, तेव्हा त्यांच्या निधनानंतर प्रवचन केले ते लँट कार्पेंटर या युनिटेरियन धर्मोपदेशकांनी. त्यांच्या कन्या मेरी कार्पेंटर स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी १८६६ साली आणि पुढेही हिंदुस्थानात आल्या होत्या. १८९५-९६ मध्ये अमेरिकेतील युनिटेरियन धर्मोपदेशक सन्डरलंड या देशात येऊन गेले. त्यानंतर अशी योजना निघाली की, ब्राह्म अथवा प्रार्थना समाजातील एखाद्या तरुणाने ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात जाऊन धर्माचा अभ्यास करावा आणि त्याचा खर्च ब्रिटिश युनिटेरियन मंडळाने करावा. या शिष्यवृत्तीसाठी शिंद्यांची निवड झाली.

आता पाहा, हा तरुण केवढ्या पेचात सापडला! शिक्षण झाले बडोद्याच्या पैशाने, आणि बडोद्याची अट मानेवर. विलायतेचा खर्च करणार एक ख्रिस्ती मंडळ. जाणार प्रार्थना समाजाचा प्रचारक होण्यासाठी. आणि घरी म्हातारे आईवडील, पत्नी व बहीण मिळवत्या मुलाची वाट पाहत बसलेली. चार सावकारांचे ऋण एकाच माणसाच्या माथी!

शिवाय लोकांच्या मनातले भय वेगळेच. ते समजून घ्यावयाचे तर अठरा वर्षे मागे जावे लागते. १८८३ साली पंडिता रमाबाई ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाने शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रभर केवढी खळबळ उडाली! रमाबाईंनी आपल्या विवेकाला स्मरून तो निर्णय घेतला होता आणि पुढे त्यांनी केलेले कार्य जगजाहीर आहे. परंतु सामान्य मराठी घराने त्यातून धडा घेतला तो एवढाच : ख्रिस्ती मंडळींच्या पैशाने विलायतेला गेलेले माणूस परत येते ते आपले राहून येत नाही. पुढे १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याचे प्रकरण तर थेट रानडे-टिळकांपर्यंत जाऊन भिडले होते. पेलाभर चहाने जिथे धर्म बुडत होता, तिथे दोन वर्षांच्या विलायती पाहुणचाराचे काय होणार, अशी शंका कुणाच्या मनात आली तर त्यास दोष तरी कसा द्यावा?

या पेचातली पहिली गाठ सोडवली ती बडोद्याने. शिंदे महाराजांना भेटले आणि आपला निश्चय त्यांनी सांगितला. महाराजांनी त्यांना नोकरीच्या अटीतून मुक्त तर केलेच, शिवाय विलायतेच्या प्रवासासाठी आर्थिक साहाय्यही केले.

आपण बडोदेकर सयाजीरावांचे गुण गातो तेव्हा न्यायमंदिर, लक्ष्मीविलास, सयाजीबाग, ग्रंथालये ही नावे घेतो. मला मात्र वाटते की, एका तरुणाला दिलेल्या या मोकळिकीची नोंदही त्याच यादीत व्हावी. धनिकाने विद्यार्थ्याला पैसे देणे ही मोठीच गोष्ट. पण ज्याला पैसे दिले तो आपल्या उपयोगी न पडता वेगळ्याच वाटेने जातो आहे असे दिसताच त्याच्या हातावर प्रवासखर्च ठेवणे, ही त्याहून मोठी गोष्ट होय. महाराज स्वतः १८८७ साली प्रथम युरोपला जाऊन आले होते. बाहेरचे जग पाहिल्याने माणूस किती बदलतो आणि किती बदलत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

सप्टेंबर १९०१ मध्ये शिंदे मुंबईहून बोटीने निघाले. वय अठ्ठावीस. आज बडोद्याहून रात्री निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी लंडनहून फोन करतो. त्या वेळी एडन, सुएझ करीत आगबोट युरोपात पोचायची, आणि पोचल्याचे पत्र घरी येईपर्यंत आणखी काही आठवडे लोटत. पत्र हाच आधार. शिंद्यांनी तिकडून पाठविलेली प्रवासपत्रे प्रार्थना समाजाच्या 'सुबोध पत्रिके'त प्रसिद्ध झाली. इकडच्या वाचकाने त्यांच्या डोळ्यांनी विलायत पाहिली.

मँचेस्टर कॉलेज ही संस्थाच निराळी. १७८६ साली मँचेस्टर येथे तिची स्थापना झाली. प्रस्थापित चर्चची मते न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद असण्याच्या काळात, त्यांच्या मुलांनी शिकावे कुठे, या गरजेतून ती निघाली. अनेक गावे बदलून १८८९ साली ती ऑक्सफर्डला आली. तिचा दंडक असा की, शिकविणारा असो वा शिकणारा, अमुक एक मत मान्य केलेच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. पुढे १९२६ साली डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी हिंदू जीवनदृष्टीवरील आपली प्रसिद्ध व्याख्याने दिली ती याच कॉलेजात.

शिंद्यांना तौलनिक धर्मशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एस्टलिन कार्पेंटर हे राममोहनांवर प्रवचन करणाऱ्या लँट कार्पेंटर यांचे नातू आणि मेरी कार्पेंटर यांचे पुतणे. पाली भाषेचे आणि बौद्ध ग्रंथांचे ते जाणकार होते. एका ख्रिस्ती धर्मपंडिताने वारकऱ्याच्या मुलाला बुद्धाचे वचन समजावून सांगावे, हा योग पाहा! कोणत्याही धर्माची निंदा न करता, सर्वांना एकमेकांशेजारी ठेवून अभ्यासावे, ही दृष्टी शिंद्यांना तेथे मिळाली. पाली आणि समाजशास्त्र यांचाही त्यांनी अभ्यास केला.

परंतु वर्गाबाहेर त्यांनी जे पाहिले त्याचा ठसा अधिक खोल उमटला असावा. इंग्लंडच्या मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत युनिटेरियन मंडळींची सेवाकेंद्रे १८३० च्या दशकापासून चालू होती. दारिद्र्याने आणि दारूने पोखरलेल्या वस्तीत जाऊन राहावे, मुलांना शिकवावे, आजाऱ्याची विचारपूस करावी, आणि हे सर्व उपासनेचाच भाग मानावे, अशी ही पद्धती. प्रार्थना समाजात उपासना होती, उत्तम व्याख्याने होती. उणीव होती ती याच गोष्टीची. महारवाड्यात, मांगवाड्यात जाऊन बसणारा धर्म आपल्याकडे कुठे आहे, हा प्रश्न घेऊनच शिंदे परतले, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे उदार धर्ममतवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे शिंद्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. त्यानंतर ते मायदेशी परतले. ख्रिस्ती न होता परतले, आणि ख्रिस्ती मित्रांविषयी कृतज्ञता बाळगून परतले. ज्यांनी खर्च केला त्यांनी धर्मांतराची अपेक्षा ठेवली नव्हती, आणि ज्याच्यावर खर्च झाला त्याने आपली श्रद्धा लपविली नव्हती.

मग आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर काय? परतल्यावर हा तरुण कुणाचा झाला?

तो प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला. पण त्या चौकटीत मावला नाही. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या शिक्षणासाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केले. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष, शिंदे चिटणीस. 'मिशन' हा शब्द विलायतेतला, पण काम येथल्या मातीतले. बहीण जनाक्का या कामात त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. पुणे, हुबळी, मंगळूर येथपर्यंत शाखा गेल्या. १९१० साली मतभेदांमुळे समाजाचे प्रचारकपद सुटले, काम सुटले नाही. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव संमत झाला, त्यामागे शिंद्यांचे परिश्रम होते. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला.

या वाटेवर सुख थोडे होते. घरची ओढगस्त कधी संपली नाही. उच्चवर्णीयांना ते फार पुढे गेलेले वाटत. ज्यांच्यासाठी राबले त्यांच्यातील नव्या, स्वाभिमानी पिढीला आपले नेतृत्व आपल्याच हाती हवे होते, आणि ते योग्यही होते. १९२३ साली शिंदे मिशनच्या कारभारातून दूर झाले. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. रामजीबाबांना मुलाचा संसार भरभराटलेला पाहावयास मिळाला नाही, ही गोष्ट थोरपणाच्या वर्णनात झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऋण फेडताना कुणाचे तरी थकतेच. शिंद्यांच्या बाबतीत ते घरच्यांचे थकले.

बडोद्याचे मात्र फिटले. मार्च १९१८ मध्ये शिंद्यांच्या खटपटीने मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. लोकमान्य टिळक तेथे बोलले. अध्यक्षस्थानी होते श्रीमंत सयाजीराव महाराज. अटीतून सोडलेला विद्यार्थी आणि त्याला सोडणारा राजा, सतरा वर्षांनी एकाच व्यासपीठावर! बडोद्याच्या कचेरीत शिंदे अधिकारी म्हणून आयुष्यभर राबले असते, तर महाराजांना एक कर्तबगार नोकर मिळाला असता, इतकेच. त्याऐवजी त्यांना आपल्या मनातील काम बडोद्याच्या सीमेबाहेर नेणारा माणूस मिळाला. १९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्कला गेला. त्या शिष्यवृत्तीलाही नोकरीची अट होती. पुढे बडोदे शहराने त्याला राहावयास जागा दिली नाही, ही आपल्या गावाची न पुसणारी लाज आहे. राजा उदार असून भागत नाही, गावही तसे असावे लागते.

बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या घरांतून आज कितीतरी मुले परदेशी जातात. कुणी चर्चच्या, कुणी मठाच्या, कुणी सेवासंस्थेच्या खर्चाने जातात. त्यांना निरोप देताना आपण लोणचे देतो, सूचना देतो. शिंद्यांची कथाही बरोबर द्यावी. ज्याच्या पैशाने जाल त्याचे उपकार स्मरा, पण आपला विवेक त्याला विकू नका, हे मुलांसाठी. आणि पाठविणाऱ्यांसाठी, मग ते आईबाप असोत की संस्था, त्यात सयाजीरावांचा धडा आहे : दिलेल्या पैशाबरोबर माणूस बांधून घेऊ नये.

फत्तेगंजची नात काही आठवड्यांनी परतली. आजींनी तिला पुन्हा तोच प्रश्न विचारला की नाही, कोण जाणे. मी भेटावयास गेलो तेव्हा ती त्यांच्या पायाशी बसून तिकडच्या मुलांचे फोटो दाखवीत होती, आणि आजी चष्मा पुसून पुसून एकेक चेहरा निरखीत होत्या.