खाऱ्या वाऱ्यात टिकणारा लॅपटॉप कसा पारखावा?

माहुलच्या कोळीवाड्यात कुलूप घ्या, सायकलची चेन घ्या, नाहीतर इंजिनाचे नटबोल्ट. खारा वारा कुणालाच सोडत नाही. मग लॅपटॉप किती दिवस टिकणार, असं मच्छीमार बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ मध्ये मच्छीमारांनाही झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राचा मत्स्य डिजिटल मंच आला. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे अर्ज वाढणार. आम्हा कृषी खात्यातल्यांची गतही वेगळी नाही. २०२५ च्या आंदोलनात कृषी सहाय्यकांच्या मागण्यांत लॅपटॉप होताच. स्वतःच्या खिशातून घ्यायचा तर चार-पाच वर्षं तरी तो चालला पाहिजे.

दुकानदार 'मिलिटरी ग्रेड'ची चिठ्ठी दाखवतो. हे अमेरिकन लष्कराचं मिल-एसटीडी-८१० नावाचं मानक. त्यात आपटणं, हादरे, धूळ, दमट हवा, खारं धुकं अशा पुष्कळ चाचण्या असतात. पण त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनीच ठरवते. खाऱ्या धुक्याची केली का, एवढंच विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही! आणि ही चिठ्ठी म्हणजे पाणी आत शिरणार नाही याची हमी नव्हे.

माझं मत असं, की स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपपेक्षा कचेरीसाठी बनवलेला जुना लॅपटॉप बरा. थिंकपॅड (१९९२ साली आयबीएमने आणलेला, २००५ पासून लेनोवोचा), डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही ती जात. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून असा माल विकतात, तो दुरुस्त होऊन लॅमिंग्टन रोडला मिळतो.

उदाहरणादाखल २०१८ चा थिंकपॅड टी-४८० पाहू. त्याला दोन बॅटऱ्या. एक आत, एक बाहेर. बाहेरची चालू कामातही बदलता येते, वीज गेली तरी अर्ज अर्धवट राहात नाही. की-बोर्डवर चहा सांडला तर तळाच्या भोकांतून निघून जातो (म्हणून मुद्दाम सांडू नये). मेमरी आणि डिस्क साधा कारागीरही बदलू शकतो. उणीव पडद्याची. तो मंद आहे, दुपारी जेट्टीवर उन्हात अक्षर दिसत नाही. काम घरात किंवा सोसायटीच्या कचेरीत असेल तर अडचण नाही.

घेताना प्रोसेसर 'आठव्या पिढीचा' आहे ना, हे लिहून घ्या. टी-४८० मध्ये सातव्या पिढीचेही येतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बॅटरीचा रिपोर्ट दुकानातच काढायला लावा. मूळ क्षमतेच्या निम्मीच उरली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा.

आता खाऱ्या हवेचं. कवच कितीही दणकट असो, आतला पंखा बाहेरचीच हवा ओढतो. मीठ ओल धरून ठेवतं, ती ओल बोर्डावरच्या जोडांना खाते. म्हणून जुना लॅपटॉप उघडून दाखवायला सांगा. जोडांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर तो घेऊच नका. बिजागरी आणि चार्जरची जागा हलवून बघा. घरी आणल्यावर खाडीकडच्या खिडकीत ठेवू नये. काम झालं, पंखा थांबला, की कोरड्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. सुक्या मासळीचा डबा चालणार नाही, हे सांगायला नकोच.

शेवटचं, मशीन बंद करून पुन्हा सुरू करा आणि बायोसमध्ये जाऊन बघा. जुन्या कंपनीचा पासवर्ड तिथे राहिला असेल तर तो काढणं कठीण जातं. पावतीवर सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.