शंभरपट दाणे? गंमत करताय!

कर्जत-खालापूरच्या दोस्तांनो, एक चित्र शोधून बघा. चित्रकार पीटर ब्रॉयगेल, साल 1557. डाव्या कोपऱ्यात एक शेतकरी बी फोकतोय. बाकी सगळी नदी, झाडं, डोंगर. आणि पार पलीकडच्या काठावर, मुंग्यांएवढ्या गर्दीत, येशू गोष्ट सांगतोय. कुणाची? याच शेतकऱ्याची!

त्याचं काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी टिपलं. काही खडकाळ जागी पडलं, भराभर उगवलं आणि उन्हात करपलं. काही काट्यांत गुदमरलं. चांगल्या मातीतलं मात्र तीसपट, साठपट, शंभरपट झालं.

खडकावरचं बी आधी का उगवावं? मातीचा थर पातळ असला की तो लवकर तापतो, आणि ऊब मिळाली की बी झटपट अंकुरतं. पण मूळ जरा खाली गेलं की कातळ! मृगाच्या सरी पडून पाऊस दडी मारतो ना, तेव्हा बांधाकडेच्या मुरमात सांडलेलं भात बघा. तेही असंच हिरवं होऊन माना टाकतं.

1888 साली व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं हाच पेरणारा रंगवला. मागे भलामोठा पिवळा सूर्य, जमिनीवर बी टिपणारी पाखरं, आणि लांबवर चक्क पिकलेला गहू उभा! पेरणी नि कापणी एकदम? तुमचे आजोबा म्हणतील, हा कधी शेतात गेला होता का? गेला होता की. उन्हातान्हात शेतातच चित्रं काढायचा. वडील चर्चमध्ये प्रवचन करायचे, म्हणजे ही गोष्ट त्याला पाठच असणार. मला वाटतं, तिचा शेवट त्यानं मुद्दाम आधीच दाखवून टाकला.

आता शंभरपटीचं. राबातलं एक रोप आवणीनंतर बुडातून फुटवे काढतं. बहुतेक फुटव्यांना लोंबी येते आणि एका चांगल्या लोंबीतच शंभराच्या आसपास दाणे असतात. म्हणजे येशूनं काही फार वाढवून सांगितलं नव्हतं! कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात तर असे फुटवे आणि दाणे मोजणं हे रोजचंच काम. ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ ही भाताची वाणं तिथलीच.

कापणीच्या वेळी घरच्यांना विचारून तुम्हीही एक लोंबी मोजा, आणि आकडा आम्हाला कळवा. पोचट दाणे धरायचे नाहीत हं, ती लबाडी होईल.