कापूस फोटोत मळका का दिसतो?

दिवाळीच्या सुमारास अकोटच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. अशा एखाद्या गाडीचा, चौकटीत कापसाशिवाय काहीच येणार नाही इतक्या जवळून फोटो काढा. उन्हात डोळे दिपवणारा कापूस फोटोत पावसात भिजल्यासारखा मळकट येईल. दर्यापूरकडच्या नांगरलेल्या रानाचं उलट होतं: काळीभोर जमीन धुरकट, फिकी दिसते. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याला शिकवलंय तसंच तो वागतो.

त्याला हे शिकवू पाहणाऱ्यांत आल्बर्ट आइन्स्टाइनही होता. क्ष-किरणतज्ज्ञ मित्र गुस्ताव बकी याच्यासोबत त्यानं 1936 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं, ते उजेड पाहून स्वतःच जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचं. बाजारात मात्र कोडॅकचा सुपर सिक्स-20 आधी आला, 1938 साली. किंमत 225 डॉलर, म्हणजे तो हौशी माणसासाठी नव्हताच.

ही युक्ती सामान्यांच्या हाती देणाऱ्यांपैकी एक म्हणजे 1967 चा ऑलिम्पस ट्रिप 35. त्याच्या भिंगाभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काचेरी नक्षी असते. तिच्याखाली सेलेनियम. उजेड पडला की सेलेनियममध्ये किंचित वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर आतली बारीक सुई हलते. ऊन जास्त, तर सुई जास्त सरकते. बटण दाबलं की आधी ही सुई जागच्या जागी पकडली जाते, मग पायऱ्या-पायऱ्यांची एक पट्टी येऊन तिला टेकते. कितव्या पायरीवर टेकली, त्यावर भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते ठरतं. शटरचे वेगही दोनच, सेकंदाचा 200 वा आणि 40 वा भाग. उजेड फारच कमी असेल, तर डोळा लावायच्या खिडकीत लाल जीभ वर येते आणि बटण अडतं. सेल लागत नाही. वऱ्हाडातल्या उन्हात या कॅमेऱ्यावर उपाशी राहायची वेळ येत नाही. लाल जीभ दिसते ती माजघरात.

पण सुईला कळतो तो फक्त उजेड. समोर काय आहे, हे तिच्या गावीही नसतं. म्हणून बनवणाऱ्यांनी एक अंदाज पक्का धरला: झाडं, माणसं, रस्ता, भिंती सगळं मिसळलं, तर कुठलंही दृश्य अंगावरच्या उजेडापैकी सुमारे 18 टक्के परत फेकतं. मधल्या राखाडी रंगाइतकं.

वऱ्हाडात हा अंदाज दोन्हीकडून फसतो. कापसाच्या प्रतवारीत यंत्रावर ‘आरडी’ नावाचा आकडा निघतो. तो कापूस किती उजेड परत फेकतो, त्याचाच. चांगल्या कापसाचा 70 च्या वर जातो. समजा 72 धरला, तर तो 18 च्या चौपट झाला. ऊन फार आहे असं समजून सुई छिद्र बारीक करते, फिल्मवर हवा त्याच्या चौथा हिस्साच उजेड पडतो. काळी माती याच्या दुसऱ्या टोकाला.

जाणता माणूस इथे कॅमेऱ्याशी चक्क खोटं बोलतो. एएसए म्हणजे फिल्म उजेड किती चटकन टिपते त्याचा आकडा. आत फिल्म 100 एएसएची असली, तरी कॅमेऱ्यावरचं एएसएचं कडं तो 25 वर फिरवतो. फिल्म मंद आहे अशा समजुतीनं कॅमेरा चौपट उजेड घेतो. त्या काळी यावरही पाणी पडायचं, कारण लॅबमधलं प्रिंट काढणारं स्वयंचलित यंत्रसुद्धा सरासरीच काढायचं. फोटो धुणाऱ्याला ‘कापूस पांढरा ठेव’ असं बजावलेलं बरं.

आजचा फोन चेहरे ओळखतो, दृश्याचे तुकडे पाडून मोजतो. तरी पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि टोपी घातलेले आजोबा चौकटभर उभे केले, की तो बरेचदा कपड्यांना भुलतो आणि उन्हानं रापलेला चेहरा अंधारात जातो. पडद्यावर आजोबांच्या गालावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह आलं, तर ते थोडं वर सरकवा. टोपीच्या घड्या दिसेनाशा होतील. होऊ द्या, डोळे तरी दिसतील.