भूत पडद्यावरचं, मार खरा

"बाई, मारलं की अंगातलं भूत जातं ना?" रानशेतच्या माझ्या वर्गातल्या नववीच्या मुलीनं विचारलं. आदल्या रात्री तिनं भावाच्या मोबाइलवर भूत उतरवण्याचा सिनेमा पाहिला होता.

ज्यांनी प्रत्यक्षात भूत उतरवणं पाहिलेलं नाही, त्यांना असा सिनेमा नुसता थरार वाटतो. इथल्या काही घरांत मात्र ताप आला तरी आधी भूत उतरवणारा भगत आठवतो. तिथे पडदा आणि पाडा यांत अंतर थोडंच. 1973च्या 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये डॉक्टर हरतात आणि धर्मगुरू पुढे येतात. कोवळ्या मनात नेमकं हेच रुजेल, अशी मला भीती वाटते.

2024पासून सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आहेत. मोबाइल देण्याआधी तो आकडा पाहा. माझं मत स्पष्ट आहे: सोळाच्या आत असा सिनेमा नको. त्यानंतरही सोबत मोठं माणूस हवं आणि सिनेमा संपल्यावर त्यावर बोलणं हवं.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आहे.