सँडर हातात थरथरतोय? मशीन बदलण्याआधी ही ५ ठिकाणं तपासा

फर्निचर किंवा पॉलिशचं काम सुरू करायचं तर पहिल्या चार-पाच मशीनमध्ये सँडर येतोच. काही महिने तो गुपचूप काम करतो, मग एक दिवस अख्खा हात हलवायला लागतो. बरेच जण "चालतंय ना, चालू दे" म्हणतात. तिथेच धंद्याचं नुकसान सुरू होतं.

नुकसान दोन प्रकारचं. पहिलं मालाचं. थरथरणारा सँडर लाकडावर बारीक गोल ओरखडे पाडतो. कच्च्या लाकडावर ते दिसत नाहीत. सीलर किंवा पीयू मारला की उठून दिसतात. मग पॉलिश काढा, पुन्हा घासा, पुन्हा मारा. मटेरियल तुमचं, मजुरी तुमची, आणि गिऱ्हाईक नाराज ते वेगळंच.

दुसरं नुकसान हाताचं. रोज तासन् तास व्हायब्रेशन घेतलं की बोटांना मुंग्या येतात, पुढे बोटं पांढरी पडून बधिर होतात. युरोपात २००२ पासून यावर नियम आहे: ८ तासांच्या सरासरीने व्हायब्रेशन २.५ मीटर प्रति सेकंद वर्गच्या वर गेलं की मालकाला उपाय करावेच लागतात, आणि ५ च्या वर काम देताच येत नाही. तुमच्याकडे उद्या दोन कारागीर असतील, तर त्यांच्या हातांची जबाबदारी तुमचीच.

आधी मशीन समजून घ्या

५ इंची गोल पॅडचा रँडम ऑर्बिट सँडर घेऊ. यात पॅड मोटरच्या मध्यावर नसतो, किंचित बाजूला बसवलेला असतो. म्हणून तो फिरतो आणि डुलतोही. मिनिटाला १२,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २००! हा तोल सांभाळायला आत एक वजन असतं, बऱ्याच मशीनमध्ये ते पंख्यातच असतं. ते वजन पॅडच्या वजनाशी जुळवलेलं असतं. जुळणी बिघडली की थरथर आलीच.

आता तपासणी. प्लग काढूनच!

स्वस्तापासून महागाकडे जायचं.

१. पेपर. मध्यावर बसलाय का? भोकं जुळतात का? कडा दुमडलीय का? नवा पेपर नीट लावून मशीन चालवून बघा. थरथर गेली तर खर्च फक्त एका पेपरचा.

२. पॅड. प्लग काढून पॅड हाताने फिरवा आणि कडेकडे बघा. वर-खाली होतोय, म्हणजे उष्णतेने वाकलाय. स्क्रू ढिले असतील तर कसा. बदलताना त्याच मॉडेलचा पॅड घ्या. "बसतोय ना" म्हणून जड पॅड किंवा जादा फोम लावला की तोल गेला.

३. रबरी ब्रेक रिंग. मशीन हवेत धरून चालू करा. पॅड हळू फिरायला हवा. सुसाट सुटला तर रिंग झिजलीय. असा पॅड लाकडाला टेकला की ओरखडा हमखास.

४. बेअरिंग. प्लग काढून पॅड धरून हलवा. खडखड लागते, किंवा फिरवताना वाळू घासल्यासारखा आवाज येतो? बेअरिंग गेलं. जुन्यावरचा नंबर बघून तोच घ्या. शेवटी २आरएस असलेलं घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं, धूळ कमी शिरते. घरात बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब द्यायचा, शाफ्टवर बसवताना आतल्या. हातोडी नको.

५. पंखा. पाती तुटलीय किंवा एका बाजूला भुसा चिकटलाय का बघा. काढण्याआधी मार्करने खूण करा, परत तसाच बसवा. घासून किंवा काही चिकटवून तोल जुळवायला जाऊ नका.

वॉरंटी असेल तर ४ आणि ५ साठी मशीन उघडू नका, थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

सवयही तपासा

सगळं ठीक असून थरथर आहे? मग तुम्ही दाबताय. हाताचं साधं वजन पुरे. जास्त दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं आणि झटके हाताला बसतात. मशीन सपाट धरा, कडेवर तिरकं करू नका.

धंद्याचं गणित

समजा एका दिवसाची तुमची मजुरी ८०० रुपये. सँडर बंद पडून दोन दिवस गेले तर १,६०० रुपये गेले, शिवाय डिलिव्हरीची तारीख हुकली. म्हणून एक पॅड आणि एक ब्रेक रिंग कायम पेटीत ठेवा. दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर नवा घ्या आणि जुना सुट्या भागांसाठी ठेवा.

आजच एक वही करा: मशीन कधी घेतलं, पॅड कधी बदलला, बेअरिंग कधी. पुढचं कोटेशन देताना या खर्चाचा वाटा त्यात धरा. मशीनची झीज हीसुद्धा तुमच्या कामाची किंमत आहे, ती खिशातून भरू नका.